आत्याच्या वितीचा नकाशा

आमच्या सोलापूरच्या घरात मोजमापाची टेप ओसरीवर चाले, माजघरात चाले, परसातल्या न्हाणीपर्यंतही चाले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मात्र ती थांबे. तिची डबी चामड्याची होती, आणि चामडं सोवळ्यात न्यायचं नसतं हे सांगायला आत्याला तोंड उघडावं लागत नसे. ती नुसती डबीकडे बघायची. मग मी लाकडी फूटपट्टी पुढे केली. लाकूड धुतलं तर चालेल का, यावर आत्यानं बराच विचार केला. पट्टीला शाळेतल्या किती जणींचे हात लागले असतील, वरचं व्हार्निश कशाचं करतात, असं सगळं विचारून झाल्यावर शेवटी ‘धुऊन आण’ म्हणाली. मी ती आडावर नेऊन घासघासून धुतली, तर आकडे छापलेली कागदाची पट्टी सुटून पाण्याबरोबर गेली आणि हातात नुसती लाकडाची चीप राहिली. ती आत न्यायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

मागे रोहननं फोनवर विचारलं होतं, की आजी, तुझ्या शाळेत डिझाइनचा विषय होता का. मी हो म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. तुम्ही मुलं पडद्यावर भिंती सरकवता, घराचं छप्पर उचलून आत डोकावता, हे तुमच्या आईनं पाठवलेल्या फोटोंत मी पाहिलं आहे. तुम्हांला एकदा सांगायला हवं असं तेव्हापासून मनात आहे. पण ही गोष्ट फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती, कारण तिच्यात नेमकं कोण चुकलं हे मला आजही नीट मांडता येत नाही. मी आयुष्यभर हिशेबी, टापटिपीची बाई म्हणून ओळखली गेले. कपाटातल्या फायलींना मी नंबर घालते हे तुम्हांला माहीतच आहे. या एका गोष्टीला मात्र मला फाइल सापडलेली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू, आणि अण्णा तिला अक्का म्हणत. फार लहान वयात वैधव्य येऊन ती आमच्याकडे आली होती, आणि मी शहाणी होईपर्यंत घराचा आतला अर्धा भाग तिच्या ताब्यात गेला होता. बाहेरचा अर्धा अण्णांचा. ते एका गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरी येताना कचेरीतली शांतता बरोबर घेऊन येत. आई या दोन अर्ध्यांच्या मधे राही. ती फार बोलत नसे. स्वयंपाक तिनं करायचा, पण सोवळं आत्यानं राखायचं, अशी वाटणी होती. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत चूल पेटलेली असे. मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती, त्यांच्या मागांची खटखट सुरू झाली की तिच्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळून जाई, आणि मला अंथरुणात पडल्या पडल्या किती भाकऱ्या झाल्या ते मोजता येई. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वर कच्चं तेल. भाकरीला धुराचा वास असेच. धुराशिवाय भाकरी कशी लागते हे मला पुढं पुण्यात वसतिगृहात कळलं, आणि ती मला अळणी वाटली.

तो धूर पूर्वी छतातून जात असे. आमचं घर माळवदाचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, आणि चुलीवर त्या छतात एक भोक ठेवलेलं. त्याला आमच्याकडे सानं म्हणत. पुढे अण्णांनी माळवदावर एक खोली चढवली आणि सानं त्या खोलीच्या जमिनीखाली गेलं. स्वयंपाकघराला माजघरातून एक दार, एवढीच वाट राहिली. धूर आधी छताला भरायचा, मग खाली उतरायचा, आणि आई त्यात बसलेली असायची. हळूहळू तिचे डोळे सारखे गळायला लागले. ती डोळे मिटूनच भाकरी उलटायची. वासावरून कळतं म्हणायची. डॉक्टरांनी घालायला थेंब दिले आणि अण्णांना ओसरीवर नेऊन हलक्या आवाजात सांगितलं, की धूर थांबला नाही तर थेंबांनी काही होणार नाही, काही वर्षांत बाईंना दिसायचं कमी होत जाईल. मी दाराआड उभी होते. अण्णा ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते थेंबांच्या दोन बाटल्या घेऊन आले.

आमच्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंगला उपळेकर मास्तर आले ते त्याच सुमारास. त्यांच्याआधी आम्ही आंब्याची पानं आणि किनारीच्या वेलबुट्ट्या काढत होतो. हे मास्तर पूर्वी होटगीला रेल्वेच्या कामावर नकाशे काढत असत आणि त्यांना वेलबुट्ट्यांचा कंटाळा होता. त्यांनी आम्हांला प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शन शिकवलं. प्लॅन म्हणजे छप्पर उचलून वरून पाहिलेलं घर, एलेव्हेशन म्हणजे समोरून पाहिलेलं, आणि सेक्शन म्हणजे सुरीनं कापलेलं. वर्गात हशा पिकला होता. मी हसले नाही, कारण मला घर वरून दिसेचना. मी डोळे मिटून छप्पर उचलून बघायची, पण मला नेहमी आत धूरच दिसायचा. मग मास्तरांनी वर्षाचं काम सांगितलं: प्रत्येकीनं आपल्या घरात एक सुधारणा सुचवायची आणि तिचं प्रमाणात ड्रॉइंग करायचं. ते असं हवं, की तुम्ही गावाला गेलात तरी गवंड्याला किंवा सुताराला तुम्हांला एक अक्षर विचारावं लागू नये. आणि रेघा जुळल्या नाहीत तर घरी जाऊन पुन्हा मोजायचं. पेन्सिलीनं भिंत ढकलायची नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

माझी सुधारणा ठरलेलीच होती. चुलीच्या वर, परसाकडच्या भिंतीत, एक हात रुंद आणि एक हात उंच खिडकी. घरी सांगितल्यावर आत्या म्हणाली, धडधाकट भिंतीला भोक पाडायचं काय कारण, आम्ही जन्मभर धुरातच केलं की. अण्णांनी मात्र माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “तुझ्या मास्तरांनी ड्रॉइंग पास केलं तर सिद्राम गवंड्याला बोलावतो,” ते म्हणाले. “नाही झालं, तर पुन्हा त्या भिंतीचं नाव काढायचं नाही.” आई तेव्हा परातीत पीठ घेत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तर टेप नाही, पट्टी नाही. सोवळ्याशिवाय मलाही आत जाता येत नव्हतं. शेवटी आत्याच म्हणाली, मी वितीनं मोजते, तू उंबऱ्याबाहेर बसून लिही. आधी तिची वीत किती इंच ते कळायला हवं होतं. सोवळ्यात ती मला शिवणार नव्हती. तिनं उंबऱ्याबाहेर वाकून फरशीवर हात ताणला, अंगठ्याशी आणि करंगळीशी रांगोळीचा एकेक ठिपका टाकला आणि मागे सरली. मी त्या ठिपक्यांमधलं अंतर टेपनं घेतलं. सव्वाआठ इंच. पुन्हा एकदा टाकायला लावले; सव्वाआठच. मला इतका आनंद झाला की मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. मग धुरातून आत्याचा आवाज येत गेला आणि मी लिहीत गेले. चुलीकडच्या कोपऱ्यापासून चुलीच्या मध्यापर्यंत चार वीत. चुलीच्या मध्यापासून देवापर्यंत दोन वीत चार बोटं. देवापासून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत अकरा वीत. चुलीपासून किती उंचीवर खिडकी हवी, तेही तिनं हात वर करून सांगितलं. बाहेरचं सगळं घर मी स्वतः टेपनं मोजलं, परसात खुंटी ठोकून, टेपेचं टोक तिला बांधून.

आणि घर जुळेना. बाहेरच्या लांबीतून भिंती वजा केल्या की स्वयंपाकघराची लांबी यायला हवी, ती आत्याच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त येत होती. मी बेरीज तपासली, इंचांचे फूट तपासले, परसात जाऊन खुंटी पुन्हा ठोकली. माजघर जुळत होतं, ओसरी जुळत होती, बोळ जुळत होता. स्वयंपाकघर तेवढं आतून लहान आणि बाहेरून मोठं होतं. मी जेवताना भिंतीकडे बघत बसायची. एके दिवशी शाळेत भूमितीच्या तासाला बिंदूला स्थान असतं पण आकार नसतो असं बाईंनी शिकवलं आणि मी ते मन लावून वहीत उतरवून घेतलं. आणि घरी ड्रॉइंगमध्ये, आत्यानं ‘देवापर्यंत’ आणि ‘देवापासून’ म्हटलं होतं तिथं, देव म्हणून मी एक टोकदार बिंदूच दिला होता. दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. मला त्या एकत्र दिसल्या नाहीत. मी आत्याला पुन्हा मोजायची विनंती केली. तिनं जागेवरूनच तीच मापं त्याच क्रमानं, स्तोत्र म्हणावं तशी म्हणून दाखवली. “एवढंच आहे की,” ती म्हणाली. “भिंती काय रोज हलतात?”

शाळेत कागद द्यायचा दिवस जवळ आला होता. घराच्या सगळ्या भिंतींची जाडी मला दारांच्या चौकटींत मोजता आली होती. चुलीकडच्या टोकाची भिंत मात्र दगडी होती आणि तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती. तिची जाडी मी तोवर बाकीच्या भिंतींइतकी धरली होती, पण खरी कुणालाच माहीत नव्हती. म्हणजे ती मी सांगेन तेवढी होती. एका दुपारी मी सेट-स्क्वेअर टेकवला आणि ती भिंत आतल्या बाजूनं जाड केली, आत्याची बेरीज जिथं सुरू होईल तिथपर्यंत. सगळं क्षणात जुळलं. मी शाई भरली, कापलेल्या भिंतीवर तिरप्या रेघा ओढल्या, आणि कागद इतका सुंदर दिसायला लागला की मला खरंच वाटायला लागलं, भिंत तेवढी असेलच.

मास्तरांनी त्या भिंतीवर बोट ठेवलं. “ही एवढी जाड?”

“जुनी दगडी आहे, मास्तर,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मग कागद पास करून खाली लाल शाईनं चांगला शेरा दिला, आणि कागद वर्गाच्या भिंतीवर लावायला सांगितला. अण्णांसाठी मी त्याची नक्कल काढून आणली. त्यांनी ती शेऱ्यासकट दोनदा वाचली आणि वळसंगला निरोप धाडला.

सिद्राम गवंडी वळसंगचा. तो आमच्या ओसरीपर्यंत येई आणि तिथून बोळातून परसात जाई. स्वयंपाकघरात येण्याचा प्रश्न नव्हता. त्याला पाणी वरून ओतलं जाई. हा नियम आहे असंही आम्हांला तेव्हा वाटत नसे, इतका तो अंगात मुरलेला होता. आज लिहिताना हात अडखळतो. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, कारण ज्या माणसाला आत जाऊन बघता येत नव्हतं, त्याच्यासाठीच मी आतला कागद केला होता. त्यानं तो कागद उलटासुलटा करून परसाच्या भिंतीशी नीट लावून धरला, कोपऱ्यापासून माप टाकलं, कोळशानं चौकोन काढला आणि पहार घातली. पांढऱ्या मातीची भिंत, लवकर सुटत गेली. मी शेजारी उभी राहून मोठ्या माणसासारखी पाहत होते. मग आत काहीतरी धबाधबा पडल्याचा आवाज आला, आणि लगेच पितळेचं काहीतरी गडगडत गेल्याचा.

आत्या बोळातून परसात आली. ती सोवळ्यानं कधी परसात येत नसे. तिच्या हातात बाळकृष्ण होता, आणि त्याच्या रांगत्या पाठीवर मातीचं ढेकूळ फुटून बसलं होतं. ती सिद्रामला काहीच बोलली नाही. “इंदे,” ती मला म्हणाली, “तुझी खिडकी देवाच्या डोक्यावर आली बघ.”

अण्णा कागद घेऊन आले. सिद्रामनं पहार भिंतीला टेकवून ठेवली. “कागदात हाय तसंच केलंय की, अण्णासाहेब,” तो म्हणाला. “म्या काय आत जाऊन बगितलंय? कोपऱ्यापासनं माप टाकलं, कागद म्हनला हितं फोड, फोडलं.” मग जरा थांबून, कुणाला दोष न देता, नुसतं आठवल्यासारखं तो म्हणाला, “आतनं कुनी चुलीवर उबं ऱ्हाऊन भितीवर दोन ठोकं दिलं आसतं, तर मला कागद लागलाच नसता बगा.”

अण्णांनी विचारलं, की हे आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, “कागद हाय म्हनला तुमी. मला वाटलं, शिकल्याली मान्सं हायती, कागदातच काय तरी आसंल.”

मग मला विचारणं झालं. मी सांगितलं, की माप जुळत नव्हतं म्हणून दगडी भिंत मी जाड केली. अण्णांनी विचारलं, जुळत का नव्हतं. ते मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. मी तोंडानं आत्याची मापं पुन्हा म्हणायला लागले, चार वीत, दोन वीत चार बोटं, आणि ‘देवापर्यंत’ म्हणताना थांबले. आत्याकडे वळून विचारलं, “आत्या, देव्हाऱ्याची रुंदी धरली होतीत ना?”

आत्याला प्रश्नच समजला नाही. “देवाला कुणी वितीनं मोजतं का?” ती म्हणाली. “चौरंगाच्या कडेपर्यंत मोजलं, पलीकडच्या कडेपासून पुढं मोजलं. मधे देव.” तिच्या आवाजात राग नव्हता. उलट, हे तिला समजावून सांगावं लागतंय याचंच तिला नवल वाटत होतं. मी आईकडे पाहिलं. ती बोळाच्या तोंडाशी उभी होती. “मला वाटलं, तुला ठाऊक असेल,” आई म्हणाली.

ते मला ठाऊक असायला हवं होतं. त्याच घरात मी जन्मले, रोज त्या देवांना फुलं नेऊन दिली. शाळेनं मला घर वरून बघायला शिकवलं, आणि वरून बघताना ते माझ्या ध्यानातून गेलं. की ते मला कधीच माहीत नव्हतं, आणि फुलं मी नुसती नेऊन देत होते? मी इतकी वर्षं याचा विचार करते आहे. कधी वाटतं आत्या चुकली, मोजायला सांगितलं तर सगळं मोजायचं. कधी वाटतं तिनं अगदी बरोबर मोजलं, विचारणारीला विचारता आलं नाही. भिंत मात्र मी ढकलली. तेवढं नक्की आहे.

अण्णांनी कागदाची चौघडी केली. “झालं हे,” ते म्हणाले, आणि सिद्रामला भोक बुजवायला सांगितलं. त्याच वेळी आई आत गेली होती, देव उचलायला. तिच्यामागून आत्या गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली. मी तिच्या पाठीमागे होते. त्या भलत्या जागच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. आई त्यात गुडघे टेकून, एकेक देव पदरानं पुसून परातीत ठेवत होती. ज्या स्वयंपाकघरात त्या दोघी इतकी वर्षं वावरल्या, तिथं सानं बंद झाल्यापासून त्यांनी एकमेकींना दिवसाच्या उजेडात पाहिलंच नव्हतं. आईनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांच्या कडा मांसासारख्या लाल होत्या, पापण्यांचे केस गेलेले होते.

आत्या कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिथूनच तिनं अण्णांना हाक मारली. “गोविंदा, हिचे डोळे असे कधीपासून झालेत?”

अण्णा माजघरात उभे होते. त्यांनी चौघडी केलेला कागद पुन्हा उलगडला.

भोक त्या दिवशी बुजलं नाही. सिद्रामनं त्याला बाहेरून गोणपाट लावलं आणि तो निरोपाची वाट बघत गावी गेला. देवांना पंचामृताचं स्नान झालं, चूल नव्यानं सारवली गेली, आणि मला कुणी रागावलं नाही, हे फार कठीण गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं परडीभर शेवंती मागवली आणि ती माजघराच्या दाराशी हार करत बसली. हार तिला छान जमायचे, पण त्या दिवशी ती दोनदा उठून आत जाऊन आली, दोनदा गाठ सोडून तिनं चार फुलं कमी केली. तो हार चौरंगाच्या पुढच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर बसला, ना लोंबता, ना अपुरा. मी पाहिलं, आणि मला काही उलगडलं नाही. तिसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी जुना हार निर्माल्य म्हणून निघाला. आत्यानं तो केळीच्या पानावर उंबऱ्याबाहेर, माझ्यासमोर ठेवला.

“आता हे देवाचं राहिलं नाही,” ती म्हणाली. “लाव तुझी टेप.”

मी सुकलेला हार फरशीवर सरळ केला आणि माप घेतलं. बाहेरच्या आणि आतल्या लांबीत जेवढं कमी पडत होतं, बरोबर तेवढं. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. तो सांगू नकोस आणि कागदावर लिहू नकोस, म्हणाली. तेवढी जागा सोड. मी म्हटलं, मग गवंड्याला कळणार कसं. “जागा सोडलेली दिसेल की त्याला,” ती म्हणाली.

नवा कागद घेऊन मी मास्तरांकडे गेले. आधी जुन्या कागदाचं खरं सांगितलं. ते उठले, वर्गाच्या भिंतीवरून तो काढला, लाल शेऱ्यावर एक सरळ रेघ ओढली आणि मला परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग नवा पाहिला. दगडी भिंत तिच्या जाडीला परत गेली होती, बिंदूच्या जागी चौरंग होता, सगळ्या रेघांना बाण होते, सगळ्या बाणांमध्ये आकडे होते, आणि एका बाणात नव्हता. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टाकाचं टोक एकेका आकड्यावरून फिरवत नेलं. मग म्हणाले, की बाकीची मापं दिली आहेत, एकूण दिलं आहे, म्हणजे वजाबाकी येणाऱ्याला ते लिहिल्यासारखंच झालं. हे मी घरी येऊन आत्याला सांगितलं. “ज्याला करायची त्यानं करावी वजाबाकी,” आत्या म्हणाली. “आपण लिहायचं नाही.” मास्तरांनी कागद पास केला. शेरा दिला नाही. शाळेच्या प्रदर्शनात माझं काहीच लागलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, की वाटलं नाही, हे आठवत नाही. तो आकडा मात्र मला आजही पाठ आहे. इथं लिहीत नाही.

अण्णांनी निरोप धाडला आणि सिद्राम पुन्हा आला. या वेळी त्यानं कागदावरून माप टाकून कोळशाची फुली केली, पण पहार उचलली नाही. आतून ठोका द्या म्हणाला. आई चुलीपाशी उभी राहिली आणि लाटण्यानं भिंत ठोकू लागली. सिद्रामनं भिंतीला कान लावला, सरकवत सरकवत नेला, आणि एका जागी थांबून तिथंही एक फुली केली. दोन फुल्यांमध्ये तीन बोटांचं अंतर होतं. मी कागद पाहिला, बेरीज पाहिली, हार वाळून आखडला असेल का असाही विचार केला. कागदात चूक नव्हती. ती तीन बोटं कुठून आली ते मला कधीच कळलं नाही.

“कागद धरू का ठोका धरू, ताई?” सिद्रामनं मला विचारलं. अण्णा तिथंच उभे होते, पण त्यानं मला विचारलं, आणि अण्णाही माझ्याकडेच बघत राहिले. मी भिंतीवर तळहात ठेवला. आतून आई अजून ठोकत होती, थांबायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“ठोका,” मी म्हणाले.

सिद्रामनं कागदाची फुली अंगठ्यानं पुसली. आईला बाजूला व्हायला सांगायला मी बोळातून आत पळाले, आणि मी उंबऱ्याशी पोचेपर्यंत पहारेचं टोक चुलीच्या बरोबर वर आत आलं होतं. आई बाजूला झाली नव्हती. ती तिथंच, माती अंगावर घेत, डोळे उघडे ठेवून वर बघत होती.